पाचवी आणि दुसरी, घरी: साधनं निवडतानाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

येत्या जूनपासून दोन्ही मुलांचं शिक्षण घरी करायचं, असं ठरलं. थोरली आत्ता चौथीत, धाकटा पहिलीत. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे, पुढे रोज एसटीने कुडाळ. पावसात त्या गाडीचा भरवसा कोण देणार? कारण एवढं एकच नाही, पण बाकीची कारणं घरात बोलून झाली आहेत. या वहीत फक्त कामाचं लिहायचं: काय पाहिलं, काय घेतलं, काय नाकारलं आणि का.

हाताशी असलेली माणसं: मी (सकाळी साडेनऊ ते दीड कंपनीचं काम, घरूनच), नवरा (काजूची बाग आणि रोपवाटिका, मार्च ते मे त्याला डोकं वर काढायला वेळ नाही), सासूबाई (दिवसभर घरी, पण त्यांचा या बेताला विरोध). त्यांचा प्रश्न सरळ आहे: "शाळेत नाय धाडूचा, मग पोरां शिकतली कशी?" नवऱ्याने हसून वेळ मारून नेली. मला मात्र त्याचं उत्तर कागदावर हवं आहे.

१७ जानेवारी

पुस्तकांच्या आधी परीक्षेचं बघितलं. शेवटी दहावी कुठून द्यायची हे माहीत नसेल तर पाचवीची पुस्तकं तरी कशाच्या जोरावर निवडायची?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात म्हटलंय, पण घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी वेगळा असा शब्द त्यात नाही. कलम ४ मात्र आमच्या कामाचं: शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी आम्हाला हे झेपलं नाही तर थोरलीला सातवीच्या वर्गात बसवता येईल, तिला पाचवीपासून सुरुवात करावी लागणार नाही. कलम ३० म्हणतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही बोर्डाची परीक्षा सक्तीची नाही. हे वाचून माझ्या खांद्यावरचा अर्धा भार उतरला.

पुढचे रस्ते असे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: दहावीला बसायला वय १४ पूर्ण हवं, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा, परीक्षा वर्षातून दोनदा. माध्यमांमध्ये मराठीही आहे, पण सगळ्या विषयांना नाही, हे तिथे नीट बघावं लागेल. दुसरं, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ: पाचवीची परीक्षा वयाच्या दहाव्या वर्षानंतर, आठवीची तेराव्यानंतर. तिसरा रस्ता सगळ्यांना ठाऊक असलेला सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगीरीत्या दहावीला बसणं. त्याला मागच्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून चौथीचा निकाल लागला की थोरलीचा मूळ दाखला लॅमिनेशन न करता फाइलला लावायचा. छायाप्रती वेगळ्या. केंब्रिजची परीक्षा खासगीरीत्या देता येते, पण ती फी आणि मुंबई-गोव्याच्या फेऱ्या आमच्या गणितात बसत नाहीत. काट मारली.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. तिन्ही रस्त्यांवर मराठी माध्यम चालतं आणि तिन्ही रस्ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांपासून फार लांब जात नाहीत.

३ फेब्रुवारी

मुलांच्या मामाचा फोन. "ती मालविका जोशी बघ, सातवीनंतर शाळा सोडली आणि एमआयटीत गेली!" गेली, २०१६ मध्ये. पण ती गेली ती आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (संगणक प्रोग्रॅमिंग) ऑलिंपियाडच्या तीन पदकांवर, आणि बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंदच होतं, हेही त्याच बातमीत होतं. हे उदाहरण नातेवाइकांना गप्प करायला छान आहे. त्यावरून पाचवीची पुस्तकं मात्र निवडता येत नाहीत.

आणखी एक फोन, तयार 'वर्षभराचा संच' विकणाऱ्या कंपनीचा. पेटी घरपोच येणार: पुस्तकं, वर्कशीट, चार्ट, ॲप, रोज काय करायचं याचं वेळापत्रक. नमुन्याची पानं मागवली. पहिल्याच पानावर हिमवर्षाव आणि ब्लूबेरी. मूल इंग्रजीतून सूचना वाचणार असं गृहीत धरलेलं. सगळ्यात खटकलं ते वेळापत्रक: पालक सकाळी चार तास मोकळा, असं धरून ते आखलेलं. पैसे जास्त होते, पण नकाराचं कारण ते नव्हतं.

११ फेब्रुवारी

आज साधनांच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला: 'शेजारी कोण बसणार?' आत्तापर्यंत विषय, पुस्तक, किंमत, भाषा एवढेच रकाने होते. त्या पेटीने शिकवलं की पुस्तकाची खरी किंमत म्हणजे ते मोठ्या माणसाचा किती वेळ मागतं.

बालभारतीपासून सुरुवात. पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावरची ही पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था १९६७ सालची, आणि आपण तीच शिकून मोठे झालो म्हणून तिला घरकी मुर्गी समजतो. सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात. पाचवीची गणित, मराठी आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग वाचून काढले. 'परिसर अभ्यास भाग १' सूर्यमालेपासून सुरू होतो, 'भाग २' इतिहास म्हणजे काय इथून. मजकूर आटोपशीर, भाषा स्वच्छ, आणि थोरली ते एकटी वाचू शकते. रकान्यात लिहिलं: 'कोणी नाही. शंका विचारायला दिवसातून एकदा मी.'

२०२३-२४ च्या वर्षात शाळेत मिळालेली पुस्तकं चार भागांत आली आणि पाठांमध्ये नोंदींसाठी कोरी पानं होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून केलेली सोय. आमच्याकडे दप्तरच नाही, तर एकेका विषयाची अखंड जुनी प्रतच बरी. पीडीएफ कुडाळला छापून, स्पायरल बाइंडिंग करून घ्यायची.

२५ फेब्रुवारी

मुलांच्या बाईंना जाऊन भेटले. मनात धाकधूक होती, कारण दोन मुलं कमी होणं म्हणजे एवढ्याशा शाळेच्या पटाला धक्का. त्या नाराज झाल्याच आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग चहा ठेवला आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी काढून दाखवल्या. थोरली वाचनात वर्गाच्या बरीच पुढे, पण भागाकारात अडते. शाब्दिक उदाहरण आलं की कुठली क्रिया करायची याचा अंदाजच लावते. धाकटा अक्षरं उलटी काढत नाही, मोजतो छान, पण संख्या ऐकून लिहिताना गडबडतो.

विकत घेतलेल्या कुठल्याही चाचणीने मला इतकं नेमकं सांगितलं नसतं. त्यांनी एक अटही घातली: दर सहा महिन्यांनी मुलांना शाळेत आणून दाखवायचं. मान्य.

१६ मार्च

धाकट्याचं गणित. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

'एकोणसत्तर' सांगितलं की तो ७९ लिहितो. त्याच्या बाजूने बघा: कानावर 'सत्तर' पडतं, साठ कुठे ऐकूच येत नाही. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच मग वीस, लिहिताना आधी २ मग ५. त्यात 'एकोण'चाही नियम शेवटपर्यंत टिकत नाही, एकोणऐंशी आहे पण एकोणनव्वदनंतरचा पुढचा थेट नव्व्याण्णव. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेपर्यंत चेष्टा गेली. अभ्यासगटाच्या मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला ही पद्धत दिली आहे. मीही तेव्हा व्हॉट्सॲपवरचे विनोद पुढे ढकलले असतीलच. मूल समोर नव्हतं.

आता मूल समोर आहे, म्हणून करून पाहिलं. माडाच्या झावळीचे हीर एकसारखे कापले, दहादहाची जुडी रबराने बांधली. 'साठ नऊ' म्हटलं की तो सहा जुड्या आणि नऊ सुटे हीर मांडतो, ६९ लिहितो, आणि मग मी म्हणते, "यालाच एकोणसत्तर म्हणतात, सत्तरला एक कमी." तो एक हीर ठेवून सत्तर करून बघतो. आठवडाभर हेच चाललं. बाजारात मिळणारे दशक-एककाचे प्लॅस्टिकचे ठोकळे दिसायला सुबक आहेत, पण दहाचा दांडा सुटा करता येत नाही. वजाबाकीत हातचा घेताना जुडी सोडता आली पाहिजे. हीर जिंकले.

याला शेजारी माणूस लागतोच. आणि इथे अनपेक्षित गोष्ट घडली. सासूबाई खराट्यासाठी हीर सोलत बसलेल्या असतात, धाकटा आपोआप त्यांच्या शेजारी जाऊन बसतो. जुड्या बांधायला त्यांनीच घेतल्या. त्या जुन्या चौथी पास. पाढे तोंडपाठ, पावकी-निमकीसकट. रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

७ एप्रिल

थोरलीचं गणित. बाईंनी सांगितलेला अडसर शाब्दिक उदाहरणांचा, तेव्हा आणखी भागाकाराच्या वर्कशीट आणून उपयोग नाही. बालभारतीचं पुस्तक कणा म्हणून ठेवलं, सोबत केंद्राच्या एनसीईआरटीचं २०२४ मधलं पाचवीचं 'गणित का जादू'. हिंदीत आहे, तेही फुकट उतरवून घेतलं. पहिला धडाच माशांचा: कुठली होडी एका फेरीत किती मासळी आणते, किती वेगाने जाते, कोळणींनी सुकटीचा धंदा काढायला कर्ज घेतलं तर हिशेब कसा. त्यात म्हटलंय की ताजा मासा सुकल्यावर वजनाने एक तृतीयांश उरतो.

थोरलीने पुस्तक खाली ठेवलं. "आपले बांगडे एवढे कुठे हलके होतात?" बरोबर प्रश्न. सध्या सुकवणं चालूच आहे, ताजे बांगडे साफ करून तोलले, खारवून उन्हात टाकले, रोज संध्याकाळी पुन्हा तोलले. एक तृतीयांशापेक्षा बरंच जास्त वजन उरलं. का, यावर आजी आणि नात दोघींचा वाद: मीठ किती शोषलं, आणि पुरते वाळले होते का. मग सुंगटं (कोळंबी) वाळवली, ती पुस्तकाच्या आकड्याच्या जवळ आली. वजा केलं, भागलं, पुन्हा भागलं, आणि कुठली क्रिया करायची हे एकदाही विचारलं नाही.

या पुस्तकाला मात्र उत्तरं मागे नाहीत आणि काही प्रश्न मोकळे सोडलेले. शेजारी मी, आठवड्यातून दोन दुपारी. जास्त नाही जमणार.

परदेशी गणिताच्या दोन मालिका पाहिल्या. सिंगापूरच्या पद्धतीत शाब्दिक उदाहरण पट्ट्या काढून मांडतात, ती युक्ती फार चांगली आहे. ती उचलली. पुस्तकं नाही घेतली.

२१ एप्रिल

विज्ञान. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं 'हलके-फुलके विज्ञान' हे प्राथमिकसाठीचं साहित्य पाहिलं: पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तक आणि शिक्षकांचं पुस्तक वेगळं. मुलाला उत्तर सांगायचं नाही, बघायला, मोजायला, चित्र काढायला लावायचं, असा सगळा रोख. मला हे सगळ्यात जास्त आवडलं आणि माझ्याकडून सगळ्यात जास्त वेळही हेच मागतं. शिक्षकांचं पुस्तक आधी वाचल्याशिवाय धडा घेण्यात अर्थ नाही. रोज शक्यच नाही. म्हणून ते शनिवारी, दोन्ही मुलांना एकत्र, आणि नवऱ्याकडे. हंगाम संपला की सुरू.

त्याला हे साहित्य दाखवलं तर म्हणाला, "वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्रात कलमं कशी करतात ते दाखवलं तर चालेल का?" चालेल म्हणजे काय! आमच्या बागेतली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही काजूची झाडं तिथलीच वाणं. एकाची बी मोठी, दुसऱ्याची लहान, हे मुलांना वेचताना हाताला कळतं; का, ते विचारायला तिथे माणसं आहेत.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरून आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रचना करून पाहिली. त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच वाकतो, हे धाकट्याने कोणी न सांगता शोधलं. हल्लीच्या सायकलींना ती रबरी नळी लागत नाही, त्यामुळे मिळेल का शंका होती. कुडाळच्या जुन्या सायकल दुकानात मीटरवर मिळाली. दुकानदाराने विचारलं कशाला, सांगितलं, तर हातभर जास्त दिली.

१२ मे

सिंधुदुर्ग किल्ला. थोरलीचं चौथीचं शिवचरित्र नुकतंच संपलंय आणि पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून आत्ताच. १६६४ च्या नोव्हेंबरात बांधकाम सुरू, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. धाकट्याने पाणी चाखून खात्री केली. इतिहासाला वेगळं साधन घ्यायची गरज नाही. पाठ्यपुस्तक, आणि जमेल तिथे जागेवर जाणं. पिंगुळीला चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहायला जून-जुलैत जाऊ, ते तर घराजवळ.

२६ मे

वाचन. थोरलीची भूक मोठी आणि वाचनालयातला मुलांचा कोपरा तिने संपवत आणलाय. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक स्कॅन करून ठेवलेले आहेत, तेही फुकट. टॅबलेटवर वाचताना डोळे शिणतात, म्हणून महिन्याला एक अंक छापून द्यायचा. तिने निवडलेला पहिला अंक माझ्या जन्माच्या वर्षाचा. जाहिराती वाचून लोळली.

धाकट्यासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी. पातळ्या १ ते ४ आखलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळे छापायला आडकाठी नाही. सगळी भाषांतरं सारखी उतरलेली नाहीत. काही वाक्यं वाचताना जीभ अडखळते, ती मी पेनाने बदलून देते. तीच गोष्ट इंग्रजीतही मिळते, म्हणून इंग्रजीचंही काम इथेच: आधी मराठी, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत, मोठ्याने, अंथरुणात पडल्यापडल्या. इंग्रजीचं व्याकरणाचं पुस्तक यंदा नाही. मामाला हे पटलेलं नाही.

८ जून

ऑनलाइनचं सगळं एकत्र तपासलं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी ॲपवर जातात. काही चित्रफिती नेमक्या, काहींत पुस्तकच वाचून दाखवलंय. खान अकॅडमीचं गणित मराठीत आहे, थोरलीने अपूर्णांकांचा भाग केला, आवडला. चुकल्यावर लगेच कळतं हे तिला बरं वाटतं. पण मृग लागला, पहिल्या वादळात वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, रेंज त्यानंतर. पावसाचे चार महिने कुठलाही विषय इंटरनेटवर टांगून ठेवायचा नाही. छपाईचं बिल वाढलं तरी चालेल. बाइंडिंगवाल्याला सांगून कव्हर प्लॅस्टिकची घेतली, इथल्या दमट हवेत साध्या पुठ्ठ्याला बुरशी येते.

१७ जून

शाळा परवा सुरू झाल्या, आम्हीही. तक्त्याची बेरीज केली तेव्हा 'शेजारी कोण' या रकान्यात माझ्या नावाखाली दिवसाला साडेतीन तास आले. माझ्याकडे शांत असे दोन आहेत. कापाकापी: मराठी व्याकरण दिवाळीनंतर, चित्रकलेला शिकवणारं कोणी नको, फक्त रंग आणि कागद, आणि पाढे पूर्णपणे सासूबाईंकडे. आज त्यांना रकाना दाखवला. चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं. "माका पगार किती?" एवढंच विचारलं.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी कोणी दारात आलं तर काय दाखवायचं, तेही तयार ठेवलं: फाइल, विषयवार वह्या, बाईंनी लिहून दिलेली स्थिती, दाखल्याची प्रत.

१४ जुलै

भातलावणीचा आठवडा. चिखलातून परतल्यावर पुस्तक उघडायचा आग्रह धरला नाही, फक्त रात्री गोष्ट. थोरलीने मात्र किती गुंठ्याला तरवा (भाताची रोपं) किती लागला याचा हिशेब स्वतःहून वहीत मांडला आणि आजोबांच्या जुन्या वहीतल्या आकड्यांशी लावून पाहिला. ती वही पोटमाळ्यावरून कोणी काढून दिली ते विचारायला नको.

'हलके-फुलके विज्ञान' नवऱ्याने आजवर दोनच शनिवारी घेतलं. पावसामुळे बागेत काम नाही, तेव्हा आता सबब नाही असं त्याला सांगितलंय.

बाकी राहिलेलं: मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या परीक्षेला थोरलीला यंदा बसवायचं की नाही. वय बसतं, गरज नाही. तिला परीक्षा कशी असते ते बघायचंय. तिनेच ठरवावं. सप्टेंबरात बाईंकडे दोघांना घेऊन जायचं. धाकट्यासाठी तिसरीची पुस्तकं छापायला घाई करायची नाही, तो अजून दुसरीच्याच संख्यांत मजेत फिरतोय. हिंदीचं पुस्तक घेतलेलं नाही, 'गणित का जादू' वाचून जेवढी येईल तेवढी पुरे. काल तिने 'तराजू के पलड़े' असं वाचलं आणि आजीला विचारलं, आजीने पारडं आणून दाखवलं.